मोटारसायकलची घरची दुरुस्ती कुठं चुकते?

बैलगाडीच्या चाकाला वंगण घालायला कुणी गावाबाहेर जात नसे. गाडीला टेकू द्यायचा, चाक काढायचं, आसाला वंगण चोपडायचं आणि चाक परत घालायचं. घरचं काम होतं ते. आता त्याच अंगणात मोटारसायकल उभी असते. तिचंही काम घरीच करावं असं वाटणं साहजिक आहे. गॅरेज तालुक्याला. जाण्या-येण्यात अर्धा दिवस मोडतो. मिस्त्रीची मजुरी वेगळी.

आणि खरं सांगायचं तर ऑईल बदलणं, चेन आवळणं, ब्रेक जुळवणं ही काही फार मोठी कामं नव्हेत. आम्ही ती घरी करतो. पण फसगत होते ती अशा सोप्या कामांतच. इंजिन खोलण्याच्या वाटेला आपण जात नाही, त्यामुळे ते आपल्या हातून बिघडतही नाही. बोल्ट काढणं सोपं वाटतं, म्हणून आपण तो विचार न करता काढतो.

खाली ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतल्या काही आमच्या स्वतःच्या आहेत. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. हे सारं १०० ते १२५ सीसीच्या साध्या गाड्यांबद्दल आहे. गावात बहुतेक त्याच दिसतात.

बोल्ट कोणीकडे फिरतो?

रात्रीच्या वर्गांना गावोगाव जाण्यासाठी आमच्याकडे एक जुनी मोटारसायकल होती. तिचं ऑईल काळं झालं होतं. आम्ही म्हटलं, घरीच बदलू.

इंजिनाच्या तळाशी एक बोल्ट असतो. तो काढला की जुनं ऑईल खाली पडतं. आम्ही गाडीशेजारी बसलो, हात खाली घातला, बोल्टाला पाना लावला आणि वरून बघत डावीकडे फिरवू लागलो. नट-बोल्ट डावीकडे फिरवला की सुटतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोल्ट काही हलेना. मग पान्याच्या दांड्यात लोखंडी पाईप घातला. लांब दांडा झाला की जोर वाढतो. जोर लावला. बोल्ट हलला. आम्हाला बरं वाटलं. दोन क्षणांनी तो हलका हलका फिरू लागला. नुसता गोल फिरे, पण बाहेर येईना.

काय झालं होतं? बोल्टाचं डोकं जमिनीकडे होतं. आम्ही बघत होतो वरून. डोक्याच्या बाजूने बघितलं, तर सुटण्याची दिशा डावी. पाठीमागून बघितलं, तर तीच दिशा उजवी दिसते. म्हणजे आम्ही बोल्ट सोडवत नव्हतो, आवळत होतो.

पटत नसेल तर घरात करून बघा. झाकणाची रिकामी बाटली घ्या. झाकण खाली आणि बूड वर असं धरा. आता वरून बघत झाकण उघडा. हात नेहमीपेक्षा उलटा फिरतो की नाही?

गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली. त्याने खाली वाकून बघितलं.

"गुरुजी, पाईप कुणी लावला?"

"आम्हीच लावला."

"ॲल्युमिनियम आहे हो हे. नांगराचा फाळ नाही."

बोल्ट पोलादाचा असतो. इंजिनाची पेटी ॲल्युमिनियमची असते. पोलाद कठीण, ॲल्युमिनियम मऊ. जास्त जोर लावला की बोल्टाचं काही बिघडत नाही, पेटीतले आटे मात्र सोलून निघतात. दहा रुपये वाचवायला जावं आणि पेटीच खराब व्हावी असा हा प्रकार. मिस्त्रीने थोड्या मोठ्या मापाचे नवे आटे पाडले आणि जाड बोल्ट बसवला. तेवढ्यावर भागलं. आटे पाडायला जागाच उरली नसती, तर पेटी बदलावी लागली असती.

तेव्हापासून आम्ही आधी जमिनीवर आडवे होतो, बोल्टाच्या डोक्याकडे बघतो आणि मगच पाना लावतो. बसवताना बोल्ट पहिले काही फेरे हातानेच फिरवतो. हाताने सहज गेला म्हणजे आट्यांत सरळ बसला. हाताने अडला तर तो तिरका चालला आहे, बाहेर काढून पुन्हा लावायचा. प्लग बसवतानाही हेच. प्लग नेहमी थंड इंजिनावर काढावा आणि हाताने सुरुवात करून बसवावा. तिथले आटे गेले तर खर्च याहून मोठा.

बोल्टाखाली एक पातळ वायसर असते. ती दबून ऑईल अडवते. एकदा दबलेली वायसर पुन्हा नीट दबत नाही, म्हणून नवी घालावी. किंमत अगदी थोडी. वायसर जुनी ठेवली की थेंब थेंब गळती सुरू होते. मग माणूस बोल्ट आणखी आवळतो. मग आटे जातात. या रस्त्याने गेलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत.

ऑईल कोणतं आणि किती?

शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टरच्या ऑईलचा डबा असतोच. त्यातलंच लिटरभर मोटारसायकलला घालावं असं वाटतं. ऑईल ते ऑईल! तसं नाही. या गाड्यांत क्लचच्या प्लेटा इंजिनाच्याच ऑईलमध्ये बुडालेल्या असतात. या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचतो. चारचाकीच्या किंवा ट्रॅक्टरच्या काही ऑईलांमुळे त्यांची पकड सुटू शकते. मग ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, पण गाडी चढ चढत नाही. मोटारसायकलच्या ऑईलच्या डब्यावर 'जेएएसओ एमए' अशी खूण असते. ती ओल्या क्लचसाठी. त्याखाली १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असा आकडा असतो. गाडीच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच घ्यावा.

१०० सीसीच्या गाडीला ऑईल बदलताना सुमारे ९०० मिलिलिटर ते १ लिटर लागतं. जास्त घातलं म्हणजे इंजिन जास्त दिवस टिकतं, हा गैरसमज आहे. जास्त ऑईल आत घुसळलं जातं, तापतं, हवेच्या फिल्टरकडे चढतं. कमी ऑईल तर त्याहून वाईट. ऑईल आटलं की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. चालत्या गाडीत असं झालं तर मागचं चाक एकदम थांबतं आणि गाडी घसरते.

ऑईल मोजायच्या पट्टीपाशीही गोंधळ होतो. गाडी सपाट जागी, डबल स्टँडवर हवी. साईड स्टँडवर गाडी कलते आणि ऑईल एका बाजूला जातं. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा. दोन-तीन मिनिटं थांबा. पट्टी पुसून आत सोडा. पुष्कळ गाड्यांत पट्टी आट्यांत न पिळता नुसती टेकवून बघायची असते. पिळून बघितली तर ती जास्त खोल जाते आणि कमी असलेलं ऑईल पुरेसं दिसतं.

आणखी एक चूक. हसू येईल, पण ती होते. जुनं ऑईल काढलं, बोल्ट लावला, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. परत येऊन किक मारली आणि गाडी घेऊन निघाले. नवं ऑईल डब्यातच! म्हणून नव्या ऑईलचा डबा सीटवर ठेवावा. डबा उचलल्याशिवाय गाडीवर बसताच येणार नाही.

काढलेलं काळं ऑईल गटारात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. जखमेवर तर मुळीच लावू नये. पूर्वी लावत असत, ते चुकीचं होतं. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्यावं. असं ऑईल गोळा करून नेणारे त्याच्याकडे येतात.

चेन आणि बोटं

आता जी गोष्ट सांगतो ती जपून वाचा.

चेन साफ करायची असते. गाडी डबल स्टँडवर लावली की मागचं चाक अधांतरी राहतं. इंजिन चालू करून गिअर टाकला की चाक आपोआप फिरतं. मग एका हाताने चेनवर फडकं धरलं की काम झालं. युक्ती छान वाटते. मिस्त्रीकडची पोरंसुद्धा असं करताना दिसतात.

फडक्याचा एक धागा चेनच्या कडीत अडकतो. चेन फडकं ओढते. फडक्याबरोबर हात जातो. चेन आणि दातेरी चक्र जिथे भेटतात, तिथे बोट सापडतं. माणूस हात मागे घेईपर्यंत सारं उरकलेलं असतं. आमच्या एका वर्गात उजव्या हाताची दोन पेरं नसलेला एक गडी येत असे. पेन्सिल धरायला त्याला पुन्हा शिकावं लागलं. त्याची गाडी अशीच डबल स्टँडवर चालू होती. फक्त पहिला गिअर होता, वेग काहीच नव्हता, असं तो सांगे.

म्हणून चेनला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद. किल्ली काढून खिशात. गाडी न्यूट्रलमध्ये. चाक हाताने थोडं फिरवायचं, थांबवायचं. चाक थांबल्यावर चेनचा समोर आलेला भाग ब्रशने घासायचा. पुन्हा थोडं फिरवायचं. फडकं वापरायचंच असेल तर चेनच्या खालच्या पदराच्या मधोमध, चक्रांपासून लांब. लहान मुलांना जवळ बसू देऊ नका. त्यांना चाक फिरवायची हौस असते आणि आपली बोटं तिथेच असतात.

तरीही असा अपघात झालाच, तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि हात वर उचलून ठेवा. १०८ नंबरला फोन करा. तुटलेलं बोट टाकून देऊ नका. ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये. लवकर पोचलं तर डॉक्टरांना ते जोडता येण्याची शक्यता असते.

चेन आवळताना

सैल चेन खडखड वाजते. मग आपण ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणतो. इथे चुकतं. चेनला थोडी ढील लागते. खालच्या पदराच्या मध्यभागी बोटाने वर-खाली करून बघितलं, तर बऱ्याच गाड्यांत २ ते ३ सेंटिमीटर खेळ हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, काही गाड्यांच्या मागच्या दांड्यावर चिटकवलेलाही असतो.

ढील कशाला? गाडी रिकामी असते तेव्हा मागचं चाक खाली असतं. त्यावर दोन माणसं बसली, वर खताचं पोतं टाकलं की शॉकॲब्सॉर्बर दबतात आणि चाक वर सरकतं. या सरकण्यात पुढचं आणि मागचं दातेरी चक्र एकमेकांपासून किंचित लांब जातं. चेनला ढील असेल तर ती पुरते. ढील नसेल तर सगळा ताण चेनवर आणि बेअरिंगवर येतो. अशी चेन लवकर झिजते. तुटली तर भर रस्त्यात चाकात गुंतू शकते.

चेन आवळण्यासाठी मागच्या चाकाचा मोठा नट ढिला करतात आणि दोन बाजूंचे दोन छोटे नट फिरवून चाक मागे ओढतात. दोन्हीकडे खुणांच्या रेघा असतात. चाक दोन्हीकडे सारख्याच रेघेवर यायला हवं. एका बाजूला जास्त ओढलं तर चाक तिरकं बसतं, गाडी एकीकडे ओढते आणि टायर, चेन दोन्ही झिजतात.

इथवर बहुतेक जण बरोबर करतात. पुढची गोष्ट मात्र विसरतात. मागच्या ब्रेकची लांब सळई पायाच्या पेडलपासून चाकापर्यंत जाते. चाक मागे ओढलं की सळईही ताणली जाते, म्हणजे ब्रेक आपोआप थोडा लागून राहतो. माणूस चेन आवळून खुशीत निघतो. गाडी जड चालते, पेट्रोल जास्त खाते. चार-पाच किलोमीटरवर मागचा ड्रम हात लावू देत नाही इतका तापतो. उलट नवी चेन घातली तर चाक पुढे येतं आणि ब्रेक ढिला पडतो. पेडल दाबलं तर लागतच नाही. तेव्हा चेनला पाना लावला की ब्रेक तपासायचा. दोन्ही कामं एकच समजा.

मोठा नट शेवटी घट्ट आवळायचा आणि त्यात पिन असेल तर ती घालायची. चेनच्या जोडकडीवर क्लिप असते. तिची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. उलटी लावलेली क्लिप कशाला तरी घासून निघून जाऊ शकते.

चेनला काय लावावं? ९० नंबरचं गिअर ऑईल किंवा चेनचा स्प्रे. पुष्कळ जण इंजिनातून काढलेलं काळं ऑईल लावतात. त्यात धातूचा कीस असतो. फुकट मिळतं हे खरं, पण तो कीस चेनलाच झिजवतो. कोणतंही ऑईल लावलं तरी जास्तीचं पुसून काढावं. ते उडून टायरवर बसलं तर वळणावर चाक घसरतं.

ब्रेक

ड्रम ब्रेकमध्ये दोन लायनर असतात. पेडल दाबलं की ते पसरतात आणि ड्रमला आतून घासतात. त्या घासण्यानेच गाडी थांबते. म्हणून तिथे तेल किंवा ग्रीस जाता कामा नये. ब्रेक किंचाळतो म्हणून आत ऑईलचे दोन थेंब सोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. आवाज जातो, आणि ब्रेकही जातो. तेल प्यायलेले लायनर पुसून नीट होत नाहीत, ते बदलावेच लागतात.

आतली धूळ फुंकरीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसाला फार घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

मागचं चाक काढून पुन्हा बसवताना आणखी एक बोल्ट राहून जातो. ब्रेकची गोल थाळी चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला एक लोखंडी पट्टी बांधलेली असते. त्या पट्टीचा बोल्ट आणि पिन विसरली, तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला थाळी फिरते आणि चाक जाम होऊ शकतं.

डिस्क ब्रेकच्या छोट्या डबीत फक्त तिच्या झाकणावर लिहिलेलं ब्रेक ऑईल चालतं. इंजिनाचं ऑईल तिथे घातलं तर आतले रबर फुगतात. ज्याला हे काम येत नाही त्याने डिस्क ब्रेक खोलू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ब्रेकला हात लावला की लगेच रस्त्यावर जाऊ नका. आधी अंगणात, माणूस चालतो तेवढ्या वेगाने गाडी चालवून दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा लावून बघा.

पेट्रोल, धूर आणि तार

पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते. म्हणून ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि पडवीतून सरळ चुलीपर्यंत जाऊ शकते. चूल दहा पावलं लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पेट्रोलची नळी किंवा कार्बुरेटर उघडायचा तर उघड्यावर, दिवसाउजेडी, इंजिन थंड झाल्यावर. टाकीत किती पेट्रोल आहे ते बघायला काडी ओढणारे महाभाग अजून आहेत. बॅटरी वापरा, नाहीतर गाडी हलवून आवाज ऐका.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले. त्यानंतर आलेल्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बुरेटर नाही. पंप दाबाने पेट्रोल सोडतो. अशा गाडीची पेट्रोलची नळी ओढून काढली तर पेट्रोल पिचकारीसारखं उडू शकतं. तिथे घरी हात घालू नये.

बंद खोलीत किंवा दार लावलेल्या गोठ्यात इंजिन चालू ठेवू नका. धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गुंगी येते आणि माणूस तिथेच पडतो.

फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा नवा घाला. तार किंवा चांदीचा कागद गुंडाळून काम भागवलं, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी सीटखालची वायरच जळते.

गाडीचं पुस्तक

गाडीबरोबर एक पुस्तक मिळतं. बहुतेक घरांत ते कपाटात, विम्याच्या कागदांखाली पडलेलं असतं. ते काढा. सगळं वाचायची गरज नाही. ऑईल किती, कोणतं, चेनचा खेळ किती, टायरात हवा किती, एवढे आकडे शोधा. पुस्तक इंग्रजी किंवा हिंदी असलं तरी आकडे ओळखता येतात, आणि चित्रंही असतात.

आम्ही एका वहीत हे आकडे उतरवून घेतले आहेत. खाली तारीख, मीटरवरचे किलोमीटर आणि केलेलं काम लिहितो. ज्याची दोन पेरं गेली तो गडीही आता अशी वही ठेवतो. त्याच्या वहीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: 'किल्ली खिशात.' त्याखाली तारीख आहे, किलोमीटर आहेत, आणि 'चेन साफ केली, ब्रेक बघितला' अशी नोंद आहे. अक्षर थोडं तिरकं आहे, पण वाचता येतं.